बिब्बा : आजीबाईच्या बटव्यातील विष

जुळत आलेली सोयरीक ऐन वेळी कोणी मोडली, ठरत आलेला व्यवहार कोणी फिसकटवला, म्हणजे ‘अमक्याने मध्येच बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो. ज्या फळाच्या नावाला भाषेने असा अर्थ जोडला, त्या फळाने पूर्वीच्या लोकांना पुष्कळच पोळले असले पाहिजे. तरीही हेच फळ आजीबाईच्या बटव्यात हळकुंड-वेखंडाच्या शेजारी मानाने बसलेले आढळते. गुडघा दुखू लागला, लावा बिब्बा. टाचेला भेग पडली, लावा बिब्बा. पायात काटा मोडला, द्या बिब्ब्याचा चटका. इतकेच काय, तान्ह्या मुलाचे पोट दुखले तर त्याच्याही कोवळ्या पोटावर बिब्ब्याचे ठिपके! भाषेने ज्याला शत्रू मानले, त्याला घराने वैद्य मानावे हा चमत्कार आहे खरा. यांतील कोणते मत कितपत खरे आहे आणि बिब्ब्यापासून आपल्या आरोग्याला नेमका कोणता अपाय संभवतो, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की वर्तमानपत्रे आणि शाळा लोकांना एका वेलीपासून दूर राहण्याच्या सूचना देऊ लागतात. ‘पॉयझन आयव्ही’ हे तिचे नाव. एका देठावर तीन पाने असलेली ही वेल रानात, कुंपणावर, नदीकाठी सर्वत्र उगवते आणि तिचा रस अंगाला लागला की एक-दोन दिवसांत कातडी लाल होऊन फोड येतात. ही वेल आपल्याकडे उगवत नाही. परंतु तिच्याच कुळातील एक वृक्ष आपल्या विंध्य-सातपुड्याच्या पानझडी अरण्यांत शतकानुशतके उभा आहे. तोच बिब्बा. इंदुरात त्याला भिलावा म्हणतात आणि संस्कृत ग्रंथकार भल्लातक म्हणतात. वेलीचा अपाय रानात जाणाऱ्याला होतो. बिब्ब्याचा अपाय आपण चार पैसे देऊन बाजारातून घरी आणतो, एवढाच काय तो फरक.

बिब्ब्याचे झाड मध्यम उंचीचे असते. पाने चांगली मोठी, जाड आणि फांदीच्या टोकाशी दाटीने आलेली. फळ साधारण इंचभर लांबीचे, किंचित चपटे, हृदयाच्या आकाराचे आणि पिकल्यावर काळे कुळकुळीत होते. काजूच्या बीखाली जसे बोंड असते, तसे या काळ्या फळाच्या देठाशी शेंदरी रंगाचे एक मांसल बोंड असते. ते पिकल्यावर रानातले लोक खातात, वाळवूनही ठेवतात. काळ्या फळाच्या आत कठीण कवच आणि त्या कवचाच्या आत पांढरी बी असते. तिला आपण गोडंबी म्हणतो आणि लाडवांत आवडीने घालतो. म्हणजे खाली गोड बोंड आणि आत गोड बी. विष काय ते मधल्या सालीत. ही साल मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र असते आणि तिच्या पोकळ्यांत काळपट, दाट, झोंबणारे तेल भरलेले असते. फळाला सुई टोचली की ते बाहेर येते.

या तेलाचा गुण प्राचीनांना पूर्णपणे ठाऊक होता. भल्लातकाला संस्कृतात ‘अरुष्कर’ असे दुसरे नाव आहे. ‘अरुस्’ म्हणजे व्रण, आणि तो करणारा तो अरुष्कर. तिसरे नाव ‘अग्निमुख’. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी जणू फळावरच धोक्याची पाटी लिहून ठेवली. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र त्याचा दुसरा गुण पाहून नाव ठेवले. ‘सेमेकार्पस’ हे त्याचे शास्त्रीय नाव ग्रीक शब्दांवरून बनले असून त्याचा अर्थ खूण करणारे फळ असा होतो. आपले परीट कपड्यांवर ज्याची काळी खूण करीत, ते हेच फळ. बिब्ब्याला टोचून तेलाने कापडावर चिन्ह काढावयाचे आणि वर चुना लावावयाचा. मग ती खूण कितीही धुतली तरी जात नाही.

या परिटाच्या खुणेनेच बिब्ब्याचे नाव दुसऱ्या महायुद्धात थेट अमेरिकेपर्यंत पोचवले. हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांपैकी काहींच्या मानेच्या मागे, कोणाच्या कमरेवर, रुपयाएवढे लाल खाजरे चट्टे उठू लागले. प्रथम कारण उलगडेना. मग ध्यानात आले की सदऱ्याच्या गळपट्टीवर किंवा विजारीच्या पट्ट्यावर जेथे परिटाची खूण आहे, नेमका तेथेच चट्टा आहे! १९४३ साली अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात या विकाराचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ असे नाव त्याला मिळाले. कापडावर वाळलेली, धुतलेली, टिकलीएवढी खूण. तिच्यातील तेलाचा अंशही कातडी उठवावयास पुरेसा ठरला. मग बिब्बा गरम करून त्याचे ताजे तेल थेट गुडघ्यावर चोळणाऱ्याची गत काय होत असेल, याची कल्पना करावी.

त्या सैनिकांतील पुष्कळांना हिंदुस्थानात पाऊल ठेवण्यापूर्वी बिब्बा ठाऊकही नव्हता. मग तो इतक्या त्वरेने त्यांना का बाधला? याचे उत्तर कुळाच्या नात्यात आहे. आंबा, काजू, चारोळी, पिस्ता, बिब्बा, अमेरिकेतील ती विषारी वेल आणि ज्याच्या चिकापासून जपानी लोक पेट्यांवरचे चकचकीत रोगण करतात तो वृक्ष, ही सर्व एकाच कुळातली मंडळी आहेत. जपानी भाषेत त्या रोगणाला ‘उरुशी’ म्हणतात. म्हणून त्यातील दाहक द्रव्याला ‘उरुशिऑल’ हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी रिको माजिमा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्याची रचना उलगडून दाखवली. अमेरिकन वेलीत उरुशिऑलच असते. बिब्ब्यातील द्रव्याला ‘भिलावनॉल’ म्हणतात आणि त्याची रचना उरुशिऑलशी अत्यंत मिळतीजुळती आहे. ज्याच्या शरीराला एकाची ओळख पटली, त्याला दुसऱ्याचीही पटते. अमेरिकेतील रानात ज्या तरुणांना वेलीचा प्रसाद मिळाला होता, त्यांना आपल्या परिटाची खूण बाधली यात नवल नाही.

आता हे तेल कातडीवर काय करते ते पाहू. त्याचे कार्य दोन प्रकारचे आहे आणि हे दोन प्रकार वेगळे समजून घेतले म्हणजे पुष्कळ घोटाळे मिटतात.

पहिला प्रकार सरळ भाजण्याचा. बिब्ब्याचे तेल इतके तीव्र असते की ते अधिक प्रमाणात लागले तर कोणाचीही कातडी जळते, काळी पडते आणि फोड येतात. त्याला प्रकृतीचा भेद नाही.

दुसरा प्रकार वावड्याचा, म्हणजे ज्याला आज घरोघरी अ‍ॅलर्जी म्हणतात त्याचा. तेलाचा सूक्ष्म अंश कातडीत शिरतो आणि तेथील प्रथिनांना चिकटतो. अशी प्रथिने शरीराला परकी वाटू लागतात. कातडीतील पहारा करणाऱ्या पेशी ही वार्ता जवळच्या लसिका-ग्रंथींकडे नेतात आणि तेथे या एकाच शत्रूला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची फौज तयार होते. या तयारीला आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून पहिल्या स्पर्शाच्या वेळी बहुधा काही घडत नाही, किंवा घडले तर फार उशिरा घडते. पुढे केव्हाही तेच द्रव्य लागले की ही फौज एक ते तीन दिवसांत त्या जागी धाव घेते. शत्रू दिसताच गावालाच आग लावावी तसा हा प्रकार आहे. अंग लाल होते, सुजते, कंड सुटते, पाणी भरलेले फोड येतात, ते फुटून लस वाहते. आपल्याकडे यालाच ‘बिब्बा उतला’ असे म्हणतात. हा त्रास दोन-तीन आठवडे टिकतो आणि ओसरल्यावर सावळ्या कातडीवर काळे डाग पुष्कळ महिने राहतात.

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. ‘मी जन्मभर बिब्बा लावीत आले, मला कधी उतला नाही,’ हे वाक्य प्रत्येक घरातली एखादी आजी बोलते. ती खोटे बोलत नाही. परंतु वावडे कोणत्या वेळी उत्पन्न होईल याचा नेम नसतो. नऊ वेळा सोसलेला बिब्बा दहाव्या वेळी उततो. शिवाय आजीला सोसले म्हणून नातीला सोसेल असेही नाही.

दुसरी गोष्ट उशिराची. सोमवारी रात्री गुडघ्याला बिब्बा लावला आणि बुधवारी मांडीपर्यंत फोड आले, म्हणजे मधल्या दिवसांतील आंबा, वांगे नाहीतर उन्हातली फेरी यांवर खापर फुटते. ‘उष्णता बाहेर पडली’ असे म्हणून खरा अपराधी सुटतो, आणि फोडांवर उतारा म्हणून आणखी काही झोंबणारे लावण्यात येते. पुरळ उठले की मागील तीन दिवसांत अंगाला काय लागले होते, हे आठवून पाहावे.

तिसरी गोष्ट संसर्गाची. हा विकार एकाचा दुसऱ्याला होत नाही. फोडांतील लस दुसऱ्याच्या अंगाला लागली तरी तिने बिब्बा उतत नाही, कारण त्या लसीत तेल नसते. फोड रोज नव्या जागी उठताना दिसतात, ते काही ठिकाणी तेल कमी लागलेले असते किंवा कातडी जाड असते म्हणून उशिराने उठतात. मात्र तेल स्वतः फार चिवट असते. ते नखांत, अंगठीखाली, रुमालावर, अडकित्त्यावर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर महिनोन् महिने राहते आणि तेथून ते दुसऱ्याला लागू शकते. आजारी मनुष्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. त्याच्या न धुतलेल्या कपड्यांची मात्र काळजी घ्यावी. एक पुस्ती जोडली पाहिजे : प्रत्येक खाज बिब्ब्याची नसते. मोकळ्या जागेत माजलेल्या गाजरगवतानेही चेहरा, मान आणि हात यांवर असेच चट्टे उठतात. त्याचे कूळ वेगळे आणि द्रव्यही वेगळे. म्हणून निदान वैद्याकडे सोपवावे.

आता घरगुती उपयोगांकडे वळू, कारण अधिक दुःख तेथेच साठलेले आहे.

सांधे दुखतात म्हणून बिब्बा लावणाऱ्याला पहिल्या दिवशी बरे वाटते हे नाकारण्याचे कारण नाही. कातडीला चटका बसला की आतल्या दुखण्यावरचे लक्ष उडते. परंतु ही उसनवारी महाग पडते. फोड फुटून त्यांत घाण गेली की पू होतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावर असे घडले तर साधी जखम भरून येण्यास महिने लागतात आणि कधी पायावरच बेतते. टाचेच्या भेगांत बिब्बा भरणाऱ्यांपैकी कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकही नसते.

त्याहून चिंतेची गोष्ट लहान मुलांची. तान्ह्या मुलाची त्वचा पातळ असते, तीतून द्रव्ये लवकर आत शिरतात, आणि त्याच्या शरीराच्या मानाने त्वचेचा विस्तारही मोठ्या माणसापेक्षा अधिक असतो. पोटशूळ थांबावा म्हणून पोटावर दिलेले ठिपके पोटाच्या आत काहीही करीत नाहीत. बाहेर मात्र व्रण करतात. मूल हात हलवते, तेल बोटांना लागते आणि बोटे डोळ्यांत जातात. पापणीची कातडी सर्व शरीरात पातळ. ती तासाभरात नाही, पण दुसऱ्या दिवशी अशी सुजते की डोळा उघडत नाही. मुलाला खाज सुटते, पण ते बोलू शकत नाही. ते रडते आणि मोठी माणसे पोटदुखी वाढली असे समजून आणखी ठिपके देतात. श्रोते हो, ज्याला आपले दुःख सांगता येत नाही त्याच्यावर तरी हा प्रयोग करू नये, एवढी एकच गोष्ट या भाषणातून आपण ध्यानात ठेवलीत तरी पुरे.

बिब्बा पोटात घेण्याचीही चाल आहे. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून त्याच्या तेलाचे थेंब दुधात पाडावयाचे आणि ते दूध खोकल्यावर किंवा बाळंतिणीला द्यावयाचे, हा प्रकार अनेकांनी पाहिला असेल. थेंब किती पडले याचे माप नाही, फळात तेल किती तीव्र आहे याची परीक्षा नाही. तोंड आणि घसा यांत फोड येणे, उलट्या, पोटात आग, सर्वांगावर पुरळ, लघवी कमी व गडद होणे, ही या प्रमादाची लक्षणे होत. विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर होतो, हे विशेष लक्षात ठेवावे. बिब्ब्याच्या झाडाचा चीक अंगाला लागल्यानंतर मूत्रपिंडाच्या बाहेरील थरातील पेशी मृत झाल्याची हकीकत १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली आहे. म्हणजे कातडीवर लागलेले सर्व विष कातडीवरच थांबेल असा भरवसा धरता येत नाही. बिब्ब्यानंतर लघवीचे प्रमाण घटले किंवा रंग बदलला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत तर बिब्ब्याला स्वतंत्र स्थान आहे. जयसिंग मोदी यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९२० साली प्रथम निघाला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. मारहाणीची खोटी फिर्याद देण्यासाठी लोक अंगावर बिब्ब्याचे तेल लावून माराचे वळ भासावेत असे डाग उठवीत. परंतु जाणता डॉक्टर फसत नसे. खऱ्या माराचा डाग दिवसांगणिक रंग बदलतो आणि त्याला खाज नसते. बिब्ब्याच्या डागाच्या कडेला बारीक फोड असतात, खाज असते, आणि खाजवणाऱ्या बोटांच्या टोकांवरही तेच फोड असतात. शिवाय तो डाग बहुधा स्वतःचा हात पोचेल अशाच जागी सापडतो! कोणाचा सूड घेण्यासाठी तोंडावर तेल फेकणे, गर्भपातासाठी त्याचा वापर करणे असे अघोरी प्रकारही या ग्रंथांत नोंदले गेले आहेत.

यावर एखादा श्रोता विचारील की, आयुर्वेदाने भल्लातक औषध म्हणून सांगितला आहे, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आयुर्वेदातच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात भल्लातकाच्या रसायनांचा मोठा गौरव आहे. परंतु तेथे घातलेली बंधने पाहावी. फळे निर्दोष आणि पूर्ण पिकलेली हवीत. ती जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवावीत. थंडीच्या महिन्यांतच त्यांचा प्रयोग करावा. औषध पिण्यापूर्वी तोंडाच्या आतून तूप माखावे. वर दूध-तुपाचा आहार ठेवावा. पुढच्या ग्रंथकारांनी भल्लातकाची गणना उपविषांत केली आणि विटेच्या भुकटीत घोळून तेल शोषून घेण्यासारखे शोधनाचे विधी सांगितले. ज्या शास्त्राने बिब्ब्याला औषध केले, त्यानेच त्याला इतक्या बेड्या घातल्या. आपण मात्र बेड्या काढून टाकल्या आणि कैदी घरात मोकळा सोडला!

सरकारी नियमही हेच सांगतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीच्या १९४५ च्या नियमांत आयुर्वेदीय औषधांतील विषारी द्रव्यांची एक यादी आहे. अफू, बचनाग, धोत्रा यांच्या पंगतीस तीत भल्लातकही बसलेला आहे. अशा द्रव्यापासून तयार केलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना हिंदीत व इंग्रजीत छापावी लागते. परंतु सियागंजासारख्या बाजारातून कच्चा भिलावा पुडीत बांधून घरी येतो, तेव्हा त्या पुडीवर कोणती सूचना असणार? ती सूचना घरातल्या जाणत्या माणसानेच आपल्या मनावर लिहून ठेवली पाहिजे.

येथे ज्यांच्या कष्टांवर आपण गोडंबीचे लाडू खातो, त्यांचेही स्मरण केले पाहिजे. वऱ्हाडातील काही खेड्यांत गरीब स्त्रिया दिवसभर बसून दगडावर बिबे फोडतात. प्रत्येक घावासरशी तेलाचा शिंतोडा हातावर, गालावर, डोळ्यापाशी उडतो. हातांना राख किंवा गोडे तेल चोपडून त्या काम करतात. तरी बोटे काळी पडतात, कातडी सोलून निघते. घरात कामावर बसलेल्या आईच्या मांडीशी तिचे मूलही असते. हातमोजे, चेहऱ्यावर आवरण, कामाचे वेगळे कपडे आणि काम संपल्यावर साबण-पाणी या चार गोष्टी काही फार खर्चाच्या नाहीत. कोकणातील काजूच्या कारखान्यांत टरफलाच्या तेलाने असाच त्रास होतो, कारण काजूही त्याच कुळातला. भाजलेली, सोललेली गोडंबी आणि काजूगर खाण्यास भीती नाही; तेलाचा अंश लागलेले टरफल त्यात राहू नये एवढेच. १९८२ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात अशा काजूंनी ५४ माणसांच्या अंगावर पुरळ उठले होते.

आंब्याचा चीकही याच नात्यातला. झाडावरून उतरवलेली कैरी तशीच दातांनी फोडणाऱ्या मुलाचे ओठ उततात ते यामुळेच. आंबा पाण्यात ठेवून, देठाकडचा चीक काढून खाण्याची आपली जुनी रीत शास्त्राला धरून आहे. ज्याला बिब्बा एकदा जोराने उतला असेल त्याने आंब्याची साल चोखू नये. गर खुशाल खावा.

आता प्रत्यक्ष उपाय. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले असे कळताच पहिल्या दहा-पंधरा मिनिटांना फार मोल आहे. त्या अवधीत ती जागा भरपूर थंड पाण्याने आणि साबणाने हलक्या हाताने पुन्हापुन्हा धुवावी. नखांखालचा भाग विसरू नये. गरम पाणी वापरू नये, ब्रशाने वा दगडाने घासू नये. कपडे काढून वेगळे धुवावेत. अंगठी, बांगड्या, घड्याळाचा पट्टा हेही साबणाने स्वच्छ करावे. खोबरेल तेल लावण्याची आपली चाल आहे. ते कातडीला निववते हे खरे, परंतु धुण्याच्या आधी तेल चोळले तर विष पसरते. आधी साबण, मग खोबरेल, हा क्रम पाळावा.

पुरळ उठल्यावर स्वच्छ थंड पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याच्या घड्या दिवसातून चार-पाच वेळा ठेवाव्यात. कॅलामाइनचे मलम-पाणी खाज कमी करते. फोड मुद्दाम फोडू नयेत, नखे कापून ठेवावीत. चुना, रॉकेल, शेण किंवा कोणता तरी अनामिक लेप यांपैकी काहीही लावू नये. चेहरा, डोळे किंवा गुह्यभाग सुजला असेल, फोड अंगभर पसरले असतील, ताप आला असेल, पू दिसत असेल, तोंडात वा पोटात बिब्बा गेला असेल, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती स्त्री अथवा मधुमेही असेल, तर घरी वेळ घालवू नये. इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालयासारखी मोठी रुग्णालये आहेत. त्वचारोगाच्या जाणकार डॉक्टरांनी वेळीच दिलेल्या औषधाने दोन आठवड्यांचा छळ पुष्कळ सुसह्य होतो. स्टेरॉइडची मलमे व गोळ्या गुणकारी आहेत, पण त्या दुकानदाराच्या सल्ल्याने घेऊ नयेत. मध्येच सोडल्या तर पुरळ पुन्हा उसळते.

वनभोजनाला किंवा नर्मदेच्या बाजूच्या जंगलांत भटकायला जाणाऱ्यांनी मोठ्या पानांच्या, काळ्या फळांच्या या झाडाची ओळख करून घ्यावी. त्याच्या सावलीने अंग सुजते असा समज रानात आहे. सावलीत विष नसते, परंतु मोडलेल्या फांदीतून किंवा फळातून चीक अंगावर पडू शकतो. त्याची लाकडे चुलीत वा शेकोटीत कधीही घालू नयेत. धुराबरोबर तेलाचे सूक्ष्म कण उडतात आणि ते डोळ्यांत, घशात, फुप्फुसांत जातात. पॉयझन आयव्ही जाळणाऱ्या अमेरिकनांना हा धडा फार कष्टाने मिळाला आहे. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरच्यांबरोबर ओवलेला बिब्बा दारावरून उतरला की तो रस्त्यावर फेकू नये. अनवाणी पाय आणि खेळणारे मूल यांना तो कोणाच्या नावाचा आहे हे ठाऊक नसते.

इंदूरच्या मराठी घरांतील पुष्कळ मुले-मुली आज शिक्षणाला, नोकरीला अमेरिकेत जातात. ज्यांना लहानपणी घरी बिब्बा लावला गेला, त्यांतील काहींच्या शरीराला या कुळाचे वावडे आधीच जडलेले असू शकते. अशा मुलाने तेथे पहिल्यांदाच बागेतील तण उपटले आणि दोन दिवसांत हात सुजले, तर ती वेल त्याला नवी असली तरी विष ओळखीचे असते. डॉक्टरकडे गेल्यावर ‘मला लहानपणी बिब्बा उतला होता’ ही माहिती त्याने जरूर सांगावी, आणि आपणही पत्रातून त्याला त्या तीन पानांच्या वेलीविषयी सावध करावे.

श्रोते हो, आजीबाईच्या बटव्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्या बटव्यातील हळद, ओवा, सुंठ यांनी पिढ्यांचे हित केले आहे. परंतु बटव्यातील प्रत्येक वस्तूचा स्वभाव सारखा नसतो, आणि ज्या पूर्वजांनी बिब्ब्याला ‘अरुष्कर’ म्हटले त्यांना तो स्वभाव आपल्याहून चांगला कळला होता. तेव्हा आज घरी गेल्यावर बटवा उघडून पाहावा. त्यात बिब्बा असेल तर तो घट्ट झाकणाच्या डबीत घालून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. त्याचे औषध करण्याचे काम ज्याने ते शास्त्र रीतसर अभ्यासले आहे अशा वैद्यावर सोपवावे. संसारात बिब्बा घालणारे लोक बाहेर पुष्कळ आहेत. निदान घरच्यांच्या कातडीवर तो आपल्या हातांनी घालू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.